बुडांची सावड

हर्षलला सकाळी उठवायचं म्हणजे घरच्यांना घसा कोरडा करावा लागे. पण हाच हर्षल, गाण्यांच्या प्लेअरने झोपेतून जागं व्हायला जरा वेळ लावला की कासावीस व्हायचा. आपल्याला जे जमत नाही ते यंत्राने करून दाखवावं, अशी बहुतेक शिकलेल्यांची अपेक्षा असते, तशी त्याचीही होती.

पुण्यातली ‘नादवेल’ नावाची एक लहानशी कंपनी खिशात मावणारे संगीत-प्लेअर बनवायची, आणि हर्षल पुण्याहून लांब, उंद्री या आपल्या गावी माडीवर बसून त्या प्लेअरचं फर्मवेअर लिहायचा. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात भरलेली अक्कल. मोबाइलवर गाणी फुकट मिळत असताना वेगळं डबडं कोण घेतं, असं गावात त्याला येता-जाता विचारत. घेणारे घेत होते. कानाचे शौकीन लोक, सारंगीचा गज तारेवर घासला तो आवाजसुद्धा ज्यांना ऐकायचा असतो असे.

या प्लेअरची खुबी त्याच्या बुडाशी होती. खटका दाबला की खालचा विड्याच्या पानाएवढा भाग सुटून हातात यायचा. कंपनी त्याला मॉड्यूल म्हणायची. अ‍ॅम्प्लिफायर त्यातच. हिरव्या पट्टीचं मॉड्यूल मवाळ, कानात घालायच्या इअरफोनसाठी. लाल पट्टीचं दांडगं, डोक्यावर बसणाऱ्या जाडजूड हेडफोनसाठी. जुनं फर्मवेअर मोठं संशयी होतं. प्लेअर दर वेळी जागा झाला की आधी बुडाला विचारायचा, तू कोण? हिरवं की लाल? उत्तर आलं की त्याप्रमाणे आवाज बेताने सुरू करायचा. या चौकशीत वेळ जाई, आणि गिऱ्हाइकं कुरकुरत, की प्लेअर म्हशीसारखा उठतो. हर्षलने ती चौकशीच काढून टाकली. प्लेअर पूर्ण बंद करून सुरू केला तर विचारायचं. नुसती डुलकी लागली असेल तर मघाचंच बूड आहे असं धरून चालायचं. बदलण्याआधी प्लेअर बंद करा, असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं होतंच. मीटिंगमध्ये या बदलाचं कौतुक झालं. हर्षल दोन दिवस शीळ घालत हिंडला.

गटाचा प्रमुख प्रसेनजित, मूळचा इकडचाच, जानेफळचा. मीटिंगमध्ये दोघं छापील मराठी बोलत आणि मीटिंग संपली की फोनवर गावाकडच्या ‘काऊन बे’ला येत. “पुण्यात एसीत बसून टेस्ट केली का सगळंच पास होते,” प्रसेनजित म्हणाला होता, “तिकडं धुळीत, उन्हात वापरून पाय ना लेका.” म्हणून दोन प्लेअर उंद्रीत आले. एक हर्षलच्या वडिलांना, शेषरावांना, हिरव्या मॉड्यूलचा. दुसरा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे ज्यांचं वावर त्या इंद्रभानकाकांना, लाल मॉड्यूल आणि मोठ्या हेडफोनसकट. काका तो हेडफोन मफलरवरून घालत आणि गावच्या पोरांना पायलट दिसत. हर्षल आठवड्याला दोघांना विचारायचा आणि पुण्याला कळवायचा: हिरवं ठीक, लाल ठीक.

शेषरावांना यंत्राचं अप्रूप नव्हतं, आवाजाचं होतं. डावा कान त्यांचा लहानपणीच गेला होता. कान फुटला, घरच्यांनी कोमट तेल ओतलं, आणि तेलाबरोबर ऐकणंही गेलं. उरला उजवा. पण तो एक कान असा होता, की उंद्रीचं भजनी मंडळ त्या कानावर उभं होतं. पेटीचा सूर खाली चाललाय की पखवाज चढलाय हे शेषराव मान तिरकी करून सांगत, आणि ते सांगतील त्यावर कोणी तोंड उघडत नसे. हर्षलने मंडळाचीच भजनं रेकॉर्ड करून त्यांच्या प्लेअरमध्ये भरली होती आणि एक खास सोय करून दिली होती: डाव्या कानाचा आवाजही उजव्यातच यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हाताऱ्यांनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून पाहिली. मग म्हणाले, “टाळ दोन्हीकडून येऊन राह्यले बे.” हर्षलला आपल्या नोकरीचा त्या दिवसाएवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

त्या दिवशी सकाळी त्याने शेषरावांच्या प्लेअरमध्ये नवं फर्मवेअर घातलं. “आता पाहा बाबा, बटन दाबाले उशीर, उठाले उशीर नाई.” शेषरावांनी प्लेअर बंडीच्या खिशात टाकला आणि हरभऱ्याला पाणी द्यायला निघून गेले. दिवसा लाइट असण्याचा तो आठवडा होता. तो वाया घालवणं म्हणजे पाप.

दुपार व्हायला आली तेव्हा खालून हाक आली, “हायेस काय रे हर्षल?” आणि उत्तराची वाट न पाहता इंद्रभानकाका माडीवर आले. काखेत काळं पडलेलं स्टार्टर.

“जळालं पाय हे मोटरीचं,” ते म्हणाले. “चिखलीले चाललो बदलून आनाले. म्हटलं, जाता जाता हे तुह्याकडं चार्जिंगले लावतो.” त्यांनी खिशातून प्लेअर काढून टेबलावर ठेवला.

हर्षलने वायर जोडायला तो उचलला आणि थबकला. बुडाशी हिरवी पट्टी होती.

“काका, बाबांचा प्लेअर आणला काय तुमी?”

“नाई बा. माह्याच हाये. हा पाय वाघ, नातवानं चिकटवला नाई काय मागं.”

वाघ होता. “मंग हे हिरवं?”

“हिरवं बूड तुह्या बापाचं. लाल आज त्याच्याकडं.”

“त्यांच्याकडं काऊन?”

काकांनी, हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं. “सावड हाये ना आमची!”

आता ही सावड हर्षलला ठाऊक नव्हती असं नाही. शेषरावांचा एक बैल आणि इंद्रभानचा एक, मिळून जोडी; आज याच्या वावरात तर उद्या त्याच्या, असं दोघांनी उमेदीत केलं होतं. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी खोड गेली नाही. फवारणीचा पंप, शिडी, स्प्रिंकलरचे पाइप, सगळ्याची सावड. एकाची वस्तू दुसऱ्याने वापरली नाही तर दोघांनाही उपाशी झोपल्यासारखं वाटायचं. प्लेअरला सुटं होणारं बूड आहे हे कळल्यावर या दोघांनी दुसरं काय केलं असतं? पण हे हर्षलच्या ध्यानात आलं नाही, कारण तो प्लेअरचा विचार करत होता, माणसांचा नाही.

“कवापासून चालू हाये हे?”

“पोळा झाला तवापासून. एक दिवस हे, एक दिवस ते. लाल बुडात पखवाज असा वाजते का बुवा समोर बसला! तुह्या बापाले तर लालच पाहिजे असते. मले म्हनते, तुह्या टकुऱ्याले काय करायचं रे लाल?”

“पन मी दर आठवड्याले इचारत होतो तुमाले...”

“तू इचारत व्हता, आवाज कसा हाये. आमी सांगतलं, चांगला हाये. कोनतं बूड कोनाकडं हाये ते तू कवा इचारलं?”

हर्षलच्या डोक्यात महिन्यांचे ‘ठीक’ एकामागून एक ढासळत गेले. पण त्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते त्याला विचारायचं नव्हतं. तरी त्याने विचारलं.

“बदलता तवा पूर्ण बंद करता ना काका?”

“बंद कायले करा लागते? सकाळी धुऱ्यावर भेटलो. उभ्या उभ्या खटका दाबला, हे काढलं, ते बसवलं. झोपलंच असते ना ते.”

हर्षलने हातातली वायर टाकून दिली.

शेषरावांचा प्लेअर आज सकाळपासून नव्या अकलेवर चालत होता. तो जागा होईल तेव्हा कोणाला काही विचारणार नव्हता. बुडाशी हिरवंच आहे असं धरून तो आवाजाच्या काल रात्रीच्या आकड्यावर सुरू होणार होता. आणि काल रात्रीचा आकडा मोठा होता, कारण हिरवं मवाळ, आणि ऐकणाऱ्याला कान एकच. नळाची तोटी जेवढी पिरगाळायची सवय तेवढीच कोणी विहिरीच्या मोटरीची पिरगाळावी, तसं होणार होतं. आणि दोन्ही बाजूंचा सगळा लोंढा एकाच कानात जाणार होता. ती सोय हर्षलने स्वतःच्या हाताने केली होती, प्रेमाने केली होती.

त्याने शेषरावांचा नंबर लावला. फोन खाली खुंटीवरच वाजला. घरात म्हाताऱ्यांमध्ये फोन एकच, आणि वावरात तो नेला तर चिखलात पडतो म्हणून नेत नसत.

“माय!” तो जिन्यावरूनच ओरडला. उत्तर आलं नाही. चुलीजवळ परात पालथी घातलेली होती. रुखमाबाई भाकरी घेऊन केव्हाच निघाल्या होत्या.

काम चालू असताना शेषराव कानात काही घालत नसत. भजन आणि बिगारी एकत्र करायची नाही, असा त्यांचा नेम. पण भाकर खाऊन झाली, हात धुतले, विहिरीजवळच्या लिंबाला पाठ टेकली, की पहिलं काम प्लेअर काढायचं. म्हणजे आता भाकर संपेपर्यंतच काय तो अवधी होता. हर्षलने शेजारच्या वावरातल्या गोविंदाला फोन लावला. गोविंदा चिखलीच्या बाजारात वांगी निवडत होता. “काऊन रे, काय झालं?” तो विचारत राहिला आणि हर्षलने फोन कापला.

“काका, चला.”

“अरे पन झालं काय?”

“बाबांचा कान जाते!”

इंद्रभानकाकांना त्यातलं यंत्र कळलं नाही, पण कान कळला. ते स्टार्टर काखेत धरूनच गाडीवर मागे बसले.

गावातून बाहेर पडेपर्यंत हर्षलने चार कोंबड्या आणि एका सरपंचाला वाट द्यायला लावली. पांदणीच्या वाटेत शिरला आणि पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला. समोर मळणीयंत्र आडवं. तुरीचा ढीग ज्या वावरात होता त्यात वळता वळता ट्रॅक्टरचं चाक नालीत उतरलं होतं, आणि तीन माणसं त्याखाली दगड लावत होती. यंत्राची धडधड एवढी की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागावं. बाजूला बाभळीचं कुंपण.

“जागा द्या!” हर्षल ओरडला. एकाने हात हलवून सांगितलं, थांब जरा. या ‘जरा’चा अर्थ आपल्याकडे पंचांगातही सापडत नाही.

त्याने गाडी तिथेच आडवी टाकली आणि कुंपणाच्या फटीतून घुसला. बाही फाटली, हात ओरबाडला. मागून काका काहीतरी म्हणत होते. तुरी सोंगून झालेलं वावर. उभ्या फणकटांचे टोकदार खुंट पायात घुसत होते आणि पायात घरातली स्लिपर. एक तुटली. त्याने दुसरीही भिरकावली आणि पळत सुटला. काय करून बसलो, काय करून बसलो, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याला फर्मवेअरची आठवण नव्हती, कंपनीची नव्हती. त्याला देवळात मान तिरकी करून बसलेले शेषराव दिसत होते, आणि सगळे टाळ धरून त्यांच्या मानेकडे पाहतायत. त्या मानेला उद्यापासून काहीच सांगता येणार नव्हतं.

तुरीचं वावर संपलं, धुरा ओलांडला, आणि हरभरा लागला. आपलाच हरभरा, आणि आपलंच पाणी. सकाळपासून स्प्रिंकलर फिरत होते. काळी माती पायाला अशी धरून बसली, की प्रत्येक पाऊल किलोभर होऊन वर येई. तो पडला, उठला, पुन्हा पडला. मागे वळून धुऱ्याच्या कोरड्या कडेने पळायचं सुचायलाही त्याला दोन वेळा पडावं लागलं.

धुऱ्यावर चढला आणि समोर लिंब दिसला. खाली शेषराव बसलेले, त्यांच्या डाव्या हाताला रुखमाबाई. फडक्याची घडी घालत होत्या. म्हणजे भाकर झाली होती.

“बाबा! बाबा!”

वारा समोरून त्याच्या तोंडावर येत होता. मागे मळणीयंत्र धडधडत होतं आणि वावरात स्प्रिंकलर चकचक आवाज करत होते. हाक कुठल्या कुठे गेली. शेषरावांनी बंडीच्या खिशात हात घातला.

“माय! बाबाले थांबव! माय!”

रुखमाबाईंनी वर पाहिलं. धुऱ्यावर अनवाणी, चिखलाने बरबटलेला, दोन्ही हात हलवणारा आपला मुलगा त्यांना दिसला. भर दुपारी काम सोडून पोरगा वावरात आला, याचा त्या माउलीला आनंद झाला. त्यांनीही हात हलवला.

शेषरावांनी वायरचा गुंता सोडवला. त्यांचं सगळं सावकाश. इअरफोन हातावर घासून पुसला आणि उजव्या कानात बसवला. आता तर हाक जवळून मारली असती तरी पोचली नसती. रुखमाबाई हसत त्यांना काहीतरी सांगत होत्या, पण त्या डावीकडे होत्या. शेषरावांनी प्लेअर डोळ्यांजवळ धरला आणि अंगठ्याने बटण चाचपायला लागले.

पळून पोचण्यासारखं ते अंतर नव्हतं. हर्षलने वाकून धुऱ्यावरचं एक ढेकूळ उचललं. लहानपणी याच धुऱ्यावरून त्याने बोरं पाडली होती, कणसांवरची पाखरं उडवली होती. पण माणसावर कधी उगारलं नव्हतं, आणि बापावर तर स्वप्नातही नाही. हात क्षणभर अडला. मग त्याने होतं नव्हतं ते बळ लावून ढेकूळ फेकलं. ते अलीकडेच पडून फुटलं. रुखमाबाईंचा हात हवेतच राहिला. शेषरावांनी वर पाहिलं नाही. दुसरं ढेकूळ मोठं होतं, वाळून दगड झालेलं. ते हर्षलने नेम धरून मारलं आणि ते शेषरावांच्या मनगटावर लागलं.

प्लेअर उडून फडक्यावर पडला. वायर ताणली गेली आणि इअरफोन कानातून निघून आला. शेषराव मनगट दाबत ताडकन उठले. “कोन हाये बे तो भडव्या?” हे मात्र वाऱ्यावरून हर्षलला अगदी स्वच्छ ऐकू आलं. इतकी गोड शिवी त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. उरलेलं अंतर तो धड पळालाही नाही, चाललाही नाही.

तो जवळ पोचला तेव्हा शेषरावांचं मनगट सुजायला लागलं होतं आणि चेहरा रागाने काळा पडला होता.

“तू? बापाले ढेकूळ मारतं?” त्यांनी दुसरा हात उगारला.

“मारा,” हर्षल म्हणाला. त्याला धाप लागली होती. “पन चालू... चालू केलं का तुमी?”

“काय चालू केलं का?”

“बटन. दाबलं का?”

“दाबू कुठं देल्लं तू!”

हर्षल मटकन खाली बसला आणि रडायला लागला. शेषरावांचा उगारलेला हात तसाच राहिला. पोराला भूतबाधा झाली की काय, या शंकेने रुखमाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. “काय झालं रे बाप्पा? सांगशीन तर!”

सांगून ते पटणारं नव्हतं. हर्षलने प्लेअर उचलला. बुडाशी लाल पट्टी होती. त्याने इअरफोन फडक्यावर ठेवले, दोघांना मागे सरकवलं, आणि हात लांब करून बटण दाबलं.

प्लेअर पापणी लवायच्या आत जागा झाला. त्यात मात्र खोट नव्हती.

फडक्यावर पडलेल्या त्या चण्याएवढ्या बोंडातून उंद्रीचं भजनी मंडळ किंचाळलं. पखवाजाची थाप नव्हती ती, पत्र्यावर दगड पडल्यासारखा कडकडाट होता. टाळ इतके कर्कश की लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या. शेषरावांचाच आवाज, पण चिरलेला, ओळखू न येणारा. मग आत काहीतरी तडकलं आणि ते बोंड गप्प झालं. जळक्या वायरचा वास आला.

रुखमाबाईंचा एक हात आपोआप शेषरावांच्या उजव्या कानावर गेला होता आणि तो त्यांनी काढलाच नाही. शेषराव त्या बोंडाकडे पाहत होते. रागाची जागा आता भीतीने घेतली होती. ती त्यांच्या चेहऱ्यावर हर्षलने कधी पाहिली नव्हती, आणि पाहवली नाही.

तेवढ्यात इंद्रभानकाका धुऱ्याने लंगडत आले, स्टार्टर अजून काखेतच. “वाचला काय?” त्यांनी लांबूनच विचारलं.

“वाचला,” हर्षल म्हणाला.

“म्या काय केल्तं?” काका कळवळून म्हणाले. “म्या तं फक्त बूड देल्लं.”

“तुमी काई नाई केलं काका. म्या केलं.” आणि त्याने बसल्या बसल्या सगळं सांगितलं, चौकशी कशी काढून टाकली, का काढून टाकली. ‘लवकर उठावं म्हणून’ हे म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रुखमाबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “आनखी कोनाकोनाले देल्लं हाये हे?”

“अजून नाई माय. उद्या सोडनार हाये. मी आताच...” त्याने खिशातून फोन काढला. बाइकच्या धडधडीत त्याला कळलं नव्हतं. प्रसेनजितचा मेसेज येऊन पडला होता. ‘उंद्रीचे रिपोर्ट पाहून साहेब खूश. उद्या कशाला म्हणून आजच सोडून दिलं. पहिल्या खेपेला लाल-हिरवं दोन्ही असणारे जुने गिऱ्हाइक. पार्टी दे बे.’

हर्षलने तो मेसेज वाचला आणि त्याला पुन्हा तेच वाटलं जे धुऱ्यावर वाटलं होतं, पण या वेळी उचलायला ढेकूळ नव्हतं. त्याने फोन लावला.

“बोल हिरो!” प्रसेनजित म्हणाला.

“माघारी घे. आताच्या आता. काढून टाक तिथून.”

“काऊन बे? टेस्ट पास हाये ना तुही?”

“टेस्ट झालीच नाई. म्हातारे सावड करत व्हते बुडांची. झोपेत बदललं अन् जागं झालं तर लाल पूर्ण ताकदीनं सुटते. आता बाबांचा कान जात होता माह्या डोळ्यासमोर.”

जानेफळच्या माणसाला सावड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. मग कळफलकाची खडखड ऐकू आली. “काढलं,” प्रसेनजित म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “पन काई जणांनी उतरवून घेतलं हर्षल. सकाळपासून व्हतं ते.”

“मेल टाक सगळ्यांना.”

“टाकतो. पन मेल कोन दुपारी पाहते? गाणं ऐकत बसला असन तो काय मेल पाहीन?”

फोन मोठ्या आवाजावर होता. शेषरावांनी रुखमाबाईंचा हात हळूच बाजूला केला, उजवा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “नंबर असतीन ना त्याइचे? फोन लावा म्हना. एकेकाले.”

“काका, मी इकडून सगळ्याइले बसवतो फोनवर,” प्रसेनजित म्हणाला. “हर्षल, अर्धे तुले पाठवतो.”

नंबर आले. हर्षलचे हात चिखलाने माखलेले, बोट पडद्यावर उमटेना. इंद्रभानकाकांनी आपला मफलर पुढे केला. हात पुसून त्याने पहिला नंबर लावला. नाव ओळखीचं नव्हतं, गाव ओळखीचं नव्हतं. कुठला तरी शौकीन माणूस.

घंटी वाजायला लागली. चौघंही त्या फोनवर वाकले होते. वाजत राहिली. कामात असेल. गाडी चालवत असेल. नाहीतर इअरफोन काढून फेकून, दोन्ही कान दाबून बसला असेल आणि समोर फोन नुसता उजळून विझत असेल. घंटी वाजून वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला.

शेषरावांनी मान तिरकी केली. पेटीचा सूर धरताना करत तशीच, डोळे मिटून.

“हॅलो?” पलीकडून एक वैतागलेला आवाज आला. “हॅलो, कोण बोलतंय?”

हर्षलने आधी एवढंच विचारलं, “तुम्हाला... तुम्हाला माझा आवाज नीट येतोय का?”

“येतोय की! बोला ना, कोण आहात तुम्ही?”

शेषरावांनी डोळे उघडले. “आयकू येते त्याले,” ते म्हणाले. “काय सांगायचं ते सांग, अन् दुसऱ्याले लाव.”